घराचे नूतनीकरण : गिलाव्याआड जाणाऱ्या तीन गोष्टी

घराचे नूतनीकरण काढले, की पहिली चर्चा फरशीच्या रंगाची होते. मग स्वयंपाकघरातील ओट्याची, कपाटांची आणि शेवटी पडद्यांची. या सर्व गोष्टी डोळ्यांना दिसणाऱ्या असल्याने त्यांवर मतभेदही भरपूर होतात. परंतु घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल, तर त्यांच्या प्रकृतीवर अधिक परिणाम करणाऱ्या गोष्टी निराळ्याच असतात. छपरातून खोलीत उतरणारी उष्णता, थंडीत ऊब आणि गरम पाणी मिळवण्याची व्यवस्था आणि संकटाच्या वेळी हाक पोहोचवणारी तार, या त्या तीन गोष्टी होत. काम पूर्ण झाल्यावर त्या गिलाव्याआड, छतावर किंवा भिंतीच्या पोटात जातात. नंतर त्या बदलायच्या म्हणजे नवी भिंत पुन्हा फोडायची; आणि बहुतेक घरांत ती फोडली जात नाही.

कुटुंबवैद्य म्हणून घरभेटीला गेल्यावर रुग्णाइतकीच त्याची खोलीही पाहावी लागते. मी अभियंता नाही, आणि कोणता माल घ्यावा हे सांगणे माझे काम नाही. परंतु एखादा रुग्ण वारंवार आजारी का पडतो, याची काही उत्तरे औषधांच्या चिठ्ठीत नसून भिंतींत असतात, एवढे अनुभवाने सांगता येते. गवंड्याने थापी हाती घेण्यापूर्वी ती उत्तरे शोधली, तर खर्चही कमी येतो.

छपरातून उतरणारी उष्णता

उतारवयात शरीराची तापमान सांभाळण्याची शक्ती मंदावते. घाम उशिरा आणि कमी येतो, तहानेची जाणीव बोथट होते आणि त्वचेकडे अधिक रक्त पोहोचवताना हृदयावर ताण पडतो. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर शरीरातील पाणी व क्षार आणखी घटतात. पार्किन्सनच्या, मूत्राशयाच्या आणि मानसिक आजारांच्या काही औषधांनी घाम कमी होतो. तरुण माणसाला जी रात्र केवळ उकाड्याची वाटते, ती अशा व्यक्तीला चक्कर, संभ्रम, मूत्रपिंडाचा त्रास आणि प्रसंगी उष्माघात इथपर्यंत नेऊ शकते.

२००३ सालच्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये आलेल्या उष्णतेच्या लाटेत सुमारे १५,००० अतिरिक्त मृत्यू झाले. त्यांत वृद्धांचे प्रमाण फार मोठे होते. घरी राहणाऱ्या ज्या वृद्धांचा मृत्यू झाला, त्यांच्या परिस्थितीचा नंतर अभ्यास करण्यात आला. अंथरुणाला खिळलेले असणे, आधीचे आजार यांच्या बरोबरीने घराशी संबंधित दोन कारणे त्यात ठळकपणे दिसली : घराला उष्णतारोधक थर नसणे आणि थेट छपराखालच्या खोलीत झोपणे. आपल्याकडे तर चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, जळगाव या भागांत पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे हे नित्याचेच आहे. आणि वरच्या मजल्यावरची शांत खोली आपण कौतुकाने आजी-आजोबांना देतो.

यामागील कारण समजून घ्यावे. सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन शोषतो. ती उष्णता आतल्या बाजूस पोहोचायला काही तास लागतात. त्यामुळे बाहेर संध्याकाळी वारा सुटला, तरी खोलीचे छत तेव्हाच सर्वाधिक तापलेले असते आणि रात्री उशिरापर्यंत ते खाली उष्णता सोडत राहते. पंखा ही छताजवळची गरम हवा खाली ढकलतो. खोलीतील तापमान ४० अंशांपलीकडे गेले, तर केवळ पंख्यावर विसंबणे धोक्याचे ठरते, कारण तो अंगावर गरम हवाच फेकत राहतो.

माझे एक रुग्ण, निवृत्त शिक्षक, एप्रिल-मे महिन्यांत रोज संध्याकाळी चक्कर येते म्हणून येत. गोळ्या तपासल्या, रक्तातील सोडियम तपासले. त्यांच्या पत्नी सहज बोलून गेल्या, "डॉक्टर, रात्री दहालासुद्धा भिंतीला हात लावला तर ती गरमच लागते." इमारतीच्या शेवटच्या मजल्यावरचे घर, वर उघडी गच्ची, पश्चिमेची भिंत. आदल्याच वर्षी स्वयंपाकघर आणि दिवाणखाना नवा करून झाला होता. गच्चीकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. गोळ्यांची मात्रा मी त्या उन्हाळ्यापुरती कमी केली, त्यांना रात्री खालच्या मजल्यावरील पुतण्याकडे झोपायला सांगितले, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी सोसायटीने गच्चीला पांढरा थर दिला. या तीनपैकी औषधांच्या दुकानात मिळणारे एकही नाही.

आपली जुनी घरे या बाबतीत शहाणी होती. मराठवाड्यातील माळवद, खानदेशातील धाबे, वाड्यांच्या हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, कोकणातील कौलांखालचा माळा, या सर्वांचे काम एकच होते : ऊन आणि माणूस यांच्यामध्ये जाडी किंवा हवा ठेवणे. स्लॅबच्या घरातही तेच तत्त्व वापरायचे आहे. उपाय असे :

पहिला, गच्चीला पांढरा परावर्तक रंग किंवा चुन्याचा थर. ऊन परत फेकले गेल्याने खालच्या खोलीचे तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. अहमदाबाद शहराने २०१० सालच्या भीषण लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आखला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रमही हाती घेतला, तो याच तत्त्वावर. धूळ साचली की परिणाम घटतो. म्हणून गच्ची धुवावी आणि काही वर्षांनी थर पुन्हा द्यावा.

दुसरा, गच्चीच्या जलरोधनाचे काम काढणारच असाल, तर कोब्यावर फिकट रंगाच्या फरशीचे तुकडे, म्हणजे चायना मोझॅक, बसवून घेणे. अथवा कोब्याखाली उष्णतारोधक फोमचे कडक तक्ते घालणे. असा थर स्लॅबच्या वर असेल तर स्लॅब मुळात तापतच नाही. खालून केलेल्या फॉल्स सीलिंगनेही फरक पडतो, परंतु स्लॅब मात्र तापलेलाच राहतो. कोब्याचे वजन बरेच असते. जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घेतल्याखेरीज तो वाढवू नये. गच्ची सोसायटीची असेल, तर लेखी परवानगीही घ्यावी लागते.

तिसरा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली. आतील पडदा काचेतून आत आलेले ऊन अडवतो; तोवर उष्णता घरात शिरलेली असते. बाहेर छज्जा, बांबूचे चिक किंवा वाळ्याचे पडदे अधिक उपयोगी. विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, मात्र खिडकी थोडी उघडी हवी. कोकणच्या दमट हवेत त्याचा उपयोग नाही. वातानुकूलन यंत्र घ्यायचेच असेल, तर ते छपराचे काम झाल्यावर घ्यावे. लहान यंत्र पुरेसे होते आणि वीजबिलाच्या धास्तीने आजोबा ते बंद करून बसत नाहीत.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' प्रसिद्ध केली. छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिच्यात दिलेली आहे. या संहितेनुसार छपराचे काम कसे होईल, एवढा एक प्रश्न वास्तुविशारदाला विचारला, तरी चर्चा फरशीवरून छपराकडे वळते.

जुन्या घरावर ॲस्बेस्टॉसचे सिमेंटचे पत्रे असतील, तर विशेष जपावे. ते कापणे, भोके पाडणे, फोडणे टाळावे. त्यातून उडणारे सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुततात आणि अनेक वर्षांनी कर्करोगास कारणीभूत होऊ शकतात. पत्रे पाण्याने भिजवून, अखंड उतरवावेत. उतरवणाऱ्याच्या तोंडावर योग्य मास्क हवा आणि घरातील कोणीही त्या वेळी जवळ असू नये.

थंडी, गरम पाणी आणि न दिसणारा वायू

महाराष्ट्रात थंडी थोडे दिवस असते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. परंतु निफाड, नाशिक, महाबळेश्वर, पुणे येथील डिसेंबर-जानेवारीच्या पहाटा वृद्धांना सोप्या जात नाहीत. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. हृदयविकार, पक्षाघात आणि दम्याचे रुग्ण या दिवसांत वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ सालच्या गृहनिर्माणविषयक मार्गदर्शक सूचनांत थंड हवामानात घरातील तापमान किमान १८ अंश असावे असे म्हटले असून, वृद्ध व आजारी व्यक्तींना याहूनही अधिक ऊब लागू शकते असे नमूद केले आहे. खोलीत एक साधा तापमापक टांगून ठेवावा. तो उन्हाळ्यातही तितकाच उपयोगी पडतो.

खिडक्यांच्या फटी बुजवताना मात्र एक पथ्य आहे. खोली पूर्ण बंद केली, तर श्वासातील बाष्प भिंतींवर साचते, ओल धरते आणि बुरशी वाढून दमा बळावतो. वरच्या बाजूस झरोका हवाच.

ऊब देण्यासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. तेलाने भरलेला विजेचा रेडिएटर तुलनेने सुरक्षित असतो. तो २००० वॅटचा असेल, तर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो. भ्रमणध्वनी लावायच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो चालवणे म्हणजे आगीला निमंत्रण. म्हणून ज्येष्ठांच्या खोलीत १६ अँपिअरची स्वतंत्र वायर आणि तिचा स्वतंत्र एमसीबी नूतनीकरणातच ओढून घ्यावा.

आता न्हाणीघराकडे वळू. पूर्वी पाणी तापवण्याचा बंब अंगणात किंवा परसात असे. त्याचा धूर उघड्यावर जाई. आज त्याची जागा गॅस गिझरने घेतली आणि तो चार बाय सहाच्या बंद न्हाणीघरात आला. तेथे गॅस जळताना खोलीतील प्राणवायू कमी होतो, जळण अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर त्यात मिसळलेल्या उग्र वासामुळे कळते. हा वायू मात्र कळत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २००हून अधिक पट ओढीने चिकटतो. प्रथम डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात. आतील व्यक्तीला वाटते, पित्त झाले. नंतर कडी काढण्याइतकेही बळ उरत नाही.

येथे एक गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. कोविडच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी फसवे ठरते. ते प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांतील भेद ओळखू शकत नाही. आकडा ९८ दाखवेल आणि रुग्ण गुदमरत असेल. म्हणून न्हाणीघरात कोणी निपचित आढळल्यास दार-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे आणि आकड्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात भरपूर प्राणवायू देणे हाच प्रथम उपचार आहे. शुद्ध आली तरी रुग्णालयात नेणे टाळू नये. विस्मरण, स्वभावातील बदल यांसारखे परिणाम कधी कधी काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दिसतात.

नूतनीकरणात यावरचा उपाय अगदी सोपा आहे. गॅस गिझर न्हाणीघरात बसवूच नये; तो मोकळ्या ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर असावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी यावी. केवळ एक्झॉस्ट पंखा लावून भागत नाही. हवा आत येण्यास खालून वाट नसेल, तर पंखा ओढ निर्माण करून जळलेला वायू उलट आतच खेचू शकतो.

विजेचा गिझर असेल, तर अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. त्याचे चाचणीचे बटण दरमहा दाबून पाहावे. सौर बंबाचे पाणी उन्हाळ्यात फार कढत येते. ६० अंशांचे पाणी निरोगी प्रौढ त्वचेलाही सुमारे ५ सेकंदांत गंभीर भाजते. वृद्धांची त्वचा पातळ आणि मधुमेहींच्या पायांना संवेदना कमी. साठवलेले पाणी कोमट ठेवणेही बरे नव्हे, कारण कोमट पाण्यात लिजनेला हे न्यूमोनियाचे जंतू वाढतात. पाणी टाकीत ६० अंशांवर ठेवावे आणि नळाशी थर्मोस्टॅटिक मिक्सर लावून ते अंगाला सोसेल असे करून घ्यावे. दोन्ही हेतू साधतात.

हाक पोहोचवणारी तार

तिसरा विषय इंटरनेटच्या जोडणीचा. ही मुलांची हौस आहे, असे अनेक ज्येष्ठांना वाटते. परंतु २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केल्यापासून दृक्‌श्राव्य संवादातून सल्ला घेणे रीतसर झाले आहे. ज्यांना जिना उतरणे अवघड, त्यांच्यासाठी ही सोय आता उपचाराचाच भाग आहे. परदेशी असलेल्या मुलांना आईचा चेहरा नीट दिसणे, तिच्या पायाची सूज दिसणे, यालाही वैद्यकीय मोल आहे.

यात एक बदल फारसा कोणी लक्षात घेत नाही. जुन्या तांब्याच्या तारेवरच्या दूरध्वनीला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांतून मिळत असे. म्हणून घरातले दिवे गेले तरी फोन चालू राही. आज फायबरवर चालणारा घरचा फोन राउटर आणि त्याच्या जोडयंत्रावर अवलंबून असतो. वीज गेली की तो मुका होतो. आजोबांना मात्र जुनी खात्री असते, की फोन आहेच. यासाठी राउटर आणि जोडयंत्र दोन्ही इन्व्हर्टरच्या तारेवर घ्यावीत किंवा त्यांना बाजारात मिळणारा छोटा यूपीएस जोडावा.

दुसरे असे की बिनतारी लहरी काँक्रीटच्या भिंतींत क्षीण होतात, आणि धातूच्या पत्र्याने किंवा ॲल्युमिनियमचा चकचकीत पापुद्रा असलेल्या उष्णतारोधक तक्त्यांनी अडतात. उन्हापासून वाचवण्यासाठी छपराला असे तक्ते लावले आणि वरच्या खोलीत भ्रमणध्वनी लागेनासा झाला, असे घडू शकते. त्यामुळे गिलावा होण्यापूर्वी दिवाणखान्यापासून ज्येष्ठांच्या खोलीपर्यंत एक रिकामा पाइप आणि त्यातून लॅन केबल टाकून घ्यावी. हा पाइप विजेच्या तारांपासून वेगळा आणि अंतरावर असावा. त्या टोकाला आणखी एक वाय-फाय यंत्र लावता येते.

वाय-फायच्या लहरींची भीती अनेक जण विचारतात. घरातील राउटरची तीव्रता आंतरराष्ट्रीय मर्यादांहून पुष्कळ कमी असते. पेसमेकर बसवलेल्यांनीही राउटरला घाबरण्याचे कारण नाही. मात्र भ्रमणध्वनी खिशात छातीशी न ठेवता पेसमेकरपासून १५ सेंटिमीटर दूर ठेवावा. नव्या ओट्यावर इंडक्शन शेगडी बसवणार असाल, तर तिच्यापासून ६० सेंटिमीटर अंतर पाळता येईल अशी रचना करावी आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावे.

इंटरनेटहूनही साधी, पण अधिक मोलाची तार म्हणजे हाकेची घंटा. पडण्याने होणारी हानी केवळ हाड मोडण्याने होत नाही. उठता न येता तासन्‌तास फरशीवर पडून राहिल्याने स्नायू इजा पावतात, त्यांतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण येतो, शरीर थंड पडते, पाठीला जखमा होतात. म्हणून न्हाणीघरात आणि शौचकुपाशेजारी घंटेची दोरी जमिनीपर्यंत लोंबणारी हवी. उभे राहून दाबायचे बटण पडलेल्या माणसाच्या उपयोगाचे नसते. ही घंटा घरच्या २३० व्होल्टच्या विजेवर न ठेवता बॅटरीवरची, पाणी न शिरणारी असावी. दार बाहेर उघडणारे आणि कडी बाहेरून काढता येईल अशी असावी. आत पडलेल्या व्यक्तीच्या शरीराने दार अडले, तर आत उघडणारे दार फोडावे लागते.

कॅमेऱ्याविषयी एकच सांगणे आहे. तो लावण्यापूर्वी ज्यांच्यासाठी लावायचा, त्यांना विचारावे. शयनगृहात आणि न्हाणीघरात तो नसावा. काळजी आणि पाळत यांतील अंतर घरातील वृद्धांना फार लवकर कळते.

ठेकेदाराच्या हाती द्यायची यादी

फरशी निवडण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत :

१. ज्येष्ठांची खोली थेट छपराखाली येते का? येत असल्यास छपराला कोणता थर देणार, की खोलीच बदलणार?

२. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली आहे का?

३. गिझर कोठे बसेल, त्याचा वायू कोठे जाईल आणि ताजी हवा कोठून येईल?

४. १६ अँपिअरची स्वतंत्र तार, अर्थिंग आणि आरसीसीबी यांची सोय आहे का?

५. लॅन केबलचा पाइप आणि राउटरला इन्व्हर्टरची तार ओढली का?

६. न्हाणीघराचे दार कोणत्या बाजूस उघडते आणि घंटेची दोरी कोठे येईल?

ही कामे झाल्यावर आणि गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढून ठेवावे. पुढे खिळा ठोकताना कोणती तार कोठून गेली, हे त्यावरून कळते. तोडफोडीच्या दिवसांत ज्येष्ठांना, विशेषतः दमेकऱ्यांना, नातेवाइकांकडे ठेवावे; सिमेंटची बारीक धूळ आठवडाभराच्या औषधांवर पाणी फिरवते. जाताना त्यांच्या गोळ्या, चष्मा, श्रवणयंत्र आणि तपासणीचे कागद एका पिशवीत द्यावेत.

आणि शेवटी, हे सारे ठरवताना त्यांना बैठकीत बसवावे. रात्री कोणत्या भिंतीतून झळ लागते, पहाटे कोणत्या दारातून वारा येतो, न्हाणीघरात कोठे हात टेकावा लागतो, याची माहिती त्या घरात सर्वाधिक वेळ राहणाऱ्या माणसाइतकी कोणालाच नसते. फरशीचा रंग मुलांनी निवडावा; त्याने कोणाचेही काही बिघडत नाही.